मुरुडच्या लॉजमालकास मासळी न मिळाल्याबाबत

मुरुड पोलीस ठाणे. एप्रिल १९५८.

मी, येसूबाई भ्रतार मयत हाशा पाटील, वय सुमारे पंचेचाळीस, धंदा सुकी मासळी विक्री, राहणार मौजे थळ, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा. लॉजमालक अंबाजी यांनी माझ्याविरुद्ध अर्ज दिल्यावरून मला बोलावण्यात आले, म्हणून समक्ष हजर राहून सांगते की,

शिमग्याच्या थोडे आधी मी, माझा धाकटा भाऊ कोंडाजी व त्याची मुलगी गोदू असे तिघे मुरुडला आलो. गोदूला आई नाही. तिला मी वाढवले. तिची सोयरीक येथील सदू नाखवा यांच्या मुलाशी ठरत होती. रेवदंड्याची खाडी ओलांडायची होडी चुकल्यामुळे पोचेपर्यंत दिवस मावळला. सोयरीक पक्की होण्याआधी व्याह्यांच्या घरी पाठ टेकू नये, म्हणून आम्ही बाजारपेठेतील अंबाजींच्या लॉजवर एक खोली घेतली.

कोंडाजी यास कमी ऐकू येते. अंबाजींनी त्यास "नवराबायको का?" असे विचारले. तो "व्हय" म्हणाला. तो कशालाही व्हय म्हणतो. मी त्या वेळी आवारात पाय धूत होते. खोलीत मी व गोदू झोपलो. कोंडाजी बाहेर पडवीत बाकावर झोपला.

सकाळी सदू नाखवा व त्यांची बायको आम्हांस न्यायला आले. त्यांच्यासमक्ष गोदूने मला आत्या म्हणून हाक मारली. तेव्हा अंबाजी म्हणाले, "काल नवराबायको होतात, आज बहीणभाऊ झालात. कपाळाला कुंकू नाही आणि एका खोलीत राहता. आमच्याकडे घरंदाज माणसे उतरतात."

मी खुलासा केला. काय चालले आहे ते कोंडाजीस कळले नाही; तो हसत उभा होता. सदू नाखवा बायकोला घेऊन परत गेले. दुपारी निरोप आला की मुलगी पसंत नाही. मुलगी त्यांनी धड पाहिलीही नव्हती.

मी अंबाजींकडे तक्रार केली. म्हटले, गैरसमज माणसाच्या हातून होतो. आता माझ्याबरोबर नाखव्यांच्या घरी चला आणि चुकलो म्हणा. ते म्हणाले, "गिऱ्हाइकांच्या सोयरिकी जुळवायला मी बसलेलो नाही. बाई, तू आपली बस पकड."

मी बस पकडली नाही. भाऊ व गोदूला घरी पाठवून मी मासळीवाल्या चंद्राबाईंकडे राहिले. त्यांच्याकडून मी बरीच वर्षे सुके बोंबील घेते. बाजारातील बायकांना मी घडले ते सांगितले. जास्त सांगितले नाही, कमीही नाही. तेव्हापासून अंबाजींना कोणी मासळी दिली नाही. मी कोणाचा हात धरला नाही, कोणाची टोपली उलथली नाही. त्यांच्या माणसाने पापलेट मागितले की चंद्राबाई म्हणत, "हाय, पण तो घरंदाज नाय." शिमग्याला मुंबईहून आलेली माणसे नुसता वरणभात पाहून उठून गेली, हे खरे. ते पाहायला मी समोरच्या ओट्यावर बसले होते, हेही खरे.

मग अंबाजी बाजारात आले. मला येसूबाई म्हणाले. बाजूला घेऊन माफी मागत होते. मी म्हटले, इथे नाही, नाखव्यांच्या अंगणात, सगळी आळी जमलेली असताना. ते आले व बोलले. मध्ये त्यांचा आवाज पडला, तेवढे मी पुन्हा म्हणायला लावले.

त्यानंतर सदू नाखवा नारळ घेऊन थळला आले. गोदू स्वतः पुढे होऊन म्हणाली, "माझ्या आत्याला एक शबूद इचारावा असं तुम्हाला वाटलं नाय. मला तुमच्या घरात यायचं नाय." मी ते कोंडाजीच्या कानाशी मोठ्याने सांगितले. तोही नाय म्हणाला. नारळ परत गेला.

अंबाजी म्हणतात, माफी मागितली, आता मासळी मिळावी. शब्द त्यांनी मागे घेतला, हे मला मान्य आहे. परंतु आजही गोदूसाठी कोणी आले की आधी लॉजची गोष्ट विचारतात. बाजारातील बायकांची समजूत घालाल काय, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. अंबाजी यापुढे अलिबागेहून मासळी आणवणार असे ऐकते. तेथील बाजारात मी स्वतः बसते, हे लिहून घ्यावे.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. शेवटचे गाळू काय, असे त्यांनी विचारले. राहू द्या म्हटले.

येसूबाई हाशा पाटील, डाव्या अंगठ्याची निशाणी.