पंचवीस डिग्रीच्या आत

औषधांच्या खिडकीसमोरची रांग घामाने निथळत होती. पुढच्या दोघांचं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडायचं, असं निवृत्त नर्सबाईंनी ठरवलं होतं.

“आईच्या कॅन्सरच्या गोळ्या या उन्हाळ्यात ठेवतोस कुठे रे?”

“आमच्या बेडरूममध्ये, काका. पंचवीस डिग्रीच्या आत ठेवा, असं डबीवरच छापलंय. दिवसभर एसी चालू!”

“फ्रिजमध्ये नाही?”

“छे! तिथली दमट हवा बाधते. फार जपावं लागतं हो त्यांना.”

“आणि आई?”

“हॉलमध्ये. दुपारी जरा भट्टी होते, पण पंखा आहे की!”

“मग तिलाही आत झोपव ना.”

“ती सारखी आत-बाहेर करते, काका. दार उघडं राहिलं की गोळ्या तापणार. तिच्या जिवाशी खेळ कशाला?”