अमिसा सरांनी मागे घेतलेलं प्रमेय

सभेचे अध्यक्ष महोदय, विज्ञान शाखेच्या अधिष्ठाता इसिल्फी बाई, व्यासपीठावरची थोर मंडळी, केप कोस्टचा उकाडा सोसत बसलेले प्राध्यापक आणि विद्यार्थी, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आदरणीय अमिसा सर व त्यांच्या पत्नी, सर्वांना गणित विभागाचा कारकून एबो क्वेगिर याचा नमस्कार.

गणितावर मी बोलावं म्हणजे लहान तोंडी मोठा घास. सत्तावीस वर्षं सरांची प्रमेयं टाइप केली, समजलं त्यातलं शेंगदाण्याएवढं. तेवढंच सांगतो.

केसासारखा काचेचा धागा, त्यात लांबीभर बारीक भोकं. अशा धाग्यात प्रकाश कधी टिकून राहतो आणि कधी बाहेर सांडतो, याची अट सर शोधत होते. त्यांनी सिद्ध केलं की मधल्या गाभ्यात प्रकाश धरून ठेवणारा गुण भोवतालापेक्षा सरासरीने जास्त भरला, की प्रकाश टिकतोच. इथवर चोख. पण पुढे त्यांनी उलटही लिहिलं: सरासरी भरली नाही, तर प्रकाश टिकणारच नाही. या उत्तरार्धानेच लेखाला वजन आलं. त्याच लेखावर सरांची प्राध्यापकपदाची फाइल मी स्वतः बांधून कुलसचिवांकडे पोचवली.

दुसऱ्या दिवशी एकुआ माझ्या टेबलाशी आली. तेव्हा ती सरांची विद्यार्थिनी होती. आज आपली विभागप्रमुख आहे आणि पहिल्या रांगेतून माझ्याकडे डोळे वटारून बघते आहे. बघू दे.

"मामा, सरांचा उत्तरार्ध चुकलाय. सरासरी कमी असूनही प्रकाश टिकतो, असा एक धागा मला सापडलाय."

"मग सांग त्यांना!"

"मी? वडीलधाऱ्यांना तोंडावर चूक सांगू? माझी आई मला घरात घेईल का? तुम्ही मधे बोला ना."

आता मध्यस्थाशिवाय थोरांशी अवघड बोलायचं नाही, हे आपल्यात कुणाला सांगावं लागतं का? गेलो दोघं. सरांनी आधी पाणी दिलं, मग येण्याचं कारण विचारलं. एकुआ माझ्या कानात बोलली. त्यातलं मला ओ की ठो कळेना. शेवटी माझ्याच भाषेत म्हणालो, "सर, पोर म्हणते, मासळी असली की जेवण होतं हे खरं. पण मासळी नसली म्हणजे घर उपाशीच, हे कुठे सिद्ध झालं?"

सरही माझ्याकडेच बघून म्हणाले, "एबो, तिला सांग, भोकं कुठे ठेवलीस ते फळ्यावर काढ." ती तीन फुटांवर उभी होती बरं का!

तासाभराने सरांनी खडू खाली ठेवला. "एबो, फाइल परत आण."

"सर, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

फाइल मीच परत आणली. ती जागा दुसऱ्याला गेली, पुन्हा निघालीच नाही. आज सकाळी सरांचं निवृत्तीपत्र टाइप करताना 'वरिष्ठ व्याख्याता' एवढे दोन शब्द माझ्याच्याने धड उमटेनात.

मित्रहो, एक गोष्ट मी अकरा वर्षं कुणाला सांगितली नाही. मला सतत वाटायचं, त्या दिवशी मी जरा अडखळलो असतो, निरोप अर्धवट दिला असता, तर आमचे सर प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले असते. पत्र सहीला नेलं तेव्हा आज बोलून टाकलं, "सर, तुमचं पद मी घालवलं."

सर सही करता करता थांबले. "वेड्या, तू नीट बोललास म्हणून तर त्या पोरीच्या नजरेला नजर देऊन मी अकरा वर्षं शिकवू शकलो."

बोलायची संधी दिलीत, आपला आभारी आहे. या भाषणात काही कमी-जास्त झालं असेल, तर आपण सगळ्यांनी पोटात घालावं. माझी मोठी चूक मात्र सरांनी आज सकाळी चूकच नव्हे असं ठरवून टाकली आहे.