खांद्यात सैल

(समुपदेशकाची खोली. बाहेर बाकावर टेलर मास्तरांची मोठी बहीण बसली आहे.)

मास्तर : आजपासून या जगापासून मी काहीही लपवणार नाही. निर्णय पक्का आहे.

समुपदेशक : छान. मग दार उघडंच राहू दे?

मास्तर : नको, लावा. बाहेर ताई बसलीय. मी पाठदुखीसाठी येते, असं तिला सांगितलंय.

समुपदेशक : मी इथे नवीन आहे. तुमच्याशी बोलताना...

मास्तर : बाईशी बोलता तसंच बोला. दुकानात मी मास्तर, या खोलीत बाई. आधीच्या डॉक्टरांची जीभ कुठे वळायला लागली, तर त्यांची बदली झाली. आता तुमच्यापासून पुन्हा सुरुवात.

समुपदेशक : माझी लवकर वळेल. झालंय काय?

मास्तर : ताईचा ड्रेस बिघडवला. इतकी वर्षं कातर चालवतेय, चिंधीभर कापड वाया गेलं नाही. काल तिनं ट्रायलला घातला, तर खांदे कोपराकडे निघाले. म्हणाली, कुठल्या पैलवानाच्या मापानं कापलास?

समुपदेशक : कुणाच्या मापानं कापला होता?

मास्तर : माझ्या. मुद्दाम नाही हो. तिचं माप मला तोंडपाठ आहे. पण कापड सुंदर होतं, आणि हात आपोआप माझ्या मापावर गेला.

समुपदेशक : ताईंचा राग येतो?

मास्तर : राग कसला, जळते मी तिच्यावर. आत्या तिला फ्रॉक आणायची, मला चेंडू. तो मी त्याच दिवशी शेजारच्या गच्चीवर भिरकावून द्यायचे. घरचे कौतुकानं म्हणायचे, पोराच्या हातात काय जोर आहे!

समुपदेशक : आणि आता?

मास्तर : आता ती कुरकुरते, त्याचाही हेवा वाटतो. केस गळतात, चप्पल चावते, बायकांच्या कपड्यांना मेले खिसे नसतात. माझ्या पँटला चार आहेत. चारही घे म्हणावं, तुझं रडगाणं तेवढं मला दे.

समुपदेशक : हे तिला सांगितलंत?

मास्तर : वेड लागलंय का? आईबाबा गेल्यावर माझं म्हणावं असं तेवढंच माणूस आहे. तिनं तोंड फिरवलं, तर मी जळू कुणावर?

समुपदेशक : आत बोलावू?

मास्तर : आज नको. पुढच्या वेळी बघू... नाही, बोलवाच. मी पळायच्या आत.

ताई : झालं का? पाठ काय म्हणतेय?

मास्तर : ताई, तो ड्रेस माझ्या मापाचा आहे. मी आतून बाई आहे. पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून तुझ्यावर जळत आलेय.

समुपदेशक : ताई, बसा. पाणी देऊ?

ताई : नको. म्हणजे काल मी आरशासमोर रडले, माझेच खांदे आखडले, म्हातारी झाले म्हणून, ते फुकटच?

मास्तर : फुकटच.

ताई : आणि पाठ?

मास्तर : ठणठणीत आहे.

ताई : आणि त्या बाकावर बसून बसून माझी मात्र धरली.

समुपदेशक : रागावलात?

ताई : रागावणार नाही तर काय? एवढं मोठं दुखणं, आणि मला खोटी पाठ दाखवली ह्यानं. हिनं. थांबा, जीभ वळायला वेळ लागेल.

मास्तर : ड्रेसचं काय करू?

ताई : तूच घाल. पण सांगून ठेवते, माझ्यापेक्षा जास्त शोभला, तर मीही जळेन.

मास्तर : आणि तुला?

ताई : मला दुसरा शिव. आणि त्याला तेवढे खिसे घाल.