गुरुवारचं तेल

—नाही गं, उठू नकोस, अजून अर्धं डोकं कोरडंच आहे. मान घाल खाली. एवढं काय घाबरायचं त्यात, लंके? पोटाला टाके पडून तीन महिने झाले, चालतेस-फिरतेस, गंगेवर धुणं नेतेस — आणि डॉक्टर काय म्हणाला, सूज म्हणाला. आतड्यांना धरून चरबी असते ना, तिला सूज. बाकी काही नाही. मला कसं ठाऊक? मलाच सांगितलं त्यानं. तुझा धोंडीराम एवढा तांबट, दिवसभर हातोडा चालवणारा, पण दवाखान्याच्या वासानंच भिंतीला टेकून खाली बसला — मग डॉक्टरनं मला विचारलं, तुम्ही कोण. म्हटलं, थोरली बहीण. खोटं बोलले का? सिंहस्थाच्या वर्षी तू आळीत आलीस, तेव्हापासून एका फणीनं विंचरतोय आपण दोघी. सख्ख्या बहिणी तरी करतात का?

तसं पोट वर आलं तेव्हा दिवस गेलेत समजून बारशाचं आळीत मीच बोलले होते, ते राहू दे. तर डॉक्टर म्हणाला, लक्ष ठेवा. मान, काख, जांघ. अशी चरबी सुजलेल्या एखाद्याला पुढं गाठी येतात, वाईट गाठी — एखाद्याला येतच नाहीत. ह्या सुजेचा न् त्या गाठींचा संबंध आहे की नाही, मलाही नक्की सांगता येत नाही म्हणाला. एवढा शिकलेला, आणि सांगता येत नाही. पण आली तर त्याच दिवशी आणा, मुंबईला पाठवू, तिथं किरणं देतात. म्हणून तर दर गुरुवारी हे तेल — तुला वाटलं, कुसाबाईला उद्योग नाही?

तुला नाही सांगितलं. कशाला उगाच घोर? कुणालाच नाही सांगितलं — तुझ्या सासूला तेवढं. नवसाबाईंना नको कळायला? आणि धुण्यावर दोघी-तिघींना, त्याही आपल्याच. बाई सरळ आहेत हो, मुलगी बघून ठेवलीय पण घाई नाही करत — कोण मुलगी? मुलगी म्हणाले मी? अगं, धोंडीराम देवळ्याला घंगाळं द्यायला गेलाय असं तुला सांगितलं ना, मग घंगाळं दुकानात कशी रचलेली? मुलगी तिथलीच. — आता कळलंच आहे तर ऐक. गाठ आली तरच, असं ठरलंय. शब्द घेतलाय मी त्यांच्याकडून. दर गुरुवारी तू उठलीस की त्या समोरच्या ओट्यावरून बघतात, मी मान हलवते, नाही म्हणून, मग त्या आत जातात. तीन महिने माझ्या मानेवर तुझा संसार उभा आहे, आणि तू मागं वळून डोळे वटारतेस? रडू नकोस. हललीस की हात घसरतो.

मुंबई? तेव्हाचं तेव्हा. त्या म्हणतात, चिरलेल्या भांड्याला डाग देऊन किती सांधत बसायचं — तांबटाची बायको, दुसरं काय बोलणार. मी बोलले हो त्यांना. म्हटलं, असं म्हणू नये.

जरा डावीकडं वळव. कानाच्या खाली, इथं फार कोरडं —

थांब. हलू नकोस.

दुखतं का इथं? दाबलं तरी नाही?

काही नाही. ऊठ. वेणी घरी जाऊन घाल. समोर बघू नकोस, जा, त्या माझ्याकडं बघतायत. आणि ही फणी — घेऊन जा. माझी आहे, ठाऊक आहे. मला नको.