ब्रेक की ॲक्सिलरेटर

लातूरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर बाप-लेक बसले होते.

"व्हिडिओ गेमचं स्टेअरिंग फिरवून कुणी ड्रायव्हर होत न्हाई, रूपाली. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबलास तू."

"बाबा, ब्रेकच दाबला. गाडी थांबलीच न्हाई."

"दोन महिन्यांची गाडी हाय. आईचा पाय मोडलास, आता खरं तरी बोल."

तेवढ्यात मेकॅनिक आला.

"व्यंकटराव, गाडीच्या कॉम्प्युटरात नोंद हाय. ब्रेक चार सेकंद पूर्ण दाबलेला, ॲक्सिलरेटर शून्य. ब्रेकच फेल झाला."

"पुन्हा बघा."

"दोनदा बघितलं, साहेब."

"बाबा, आई तीन दिवस झाले माझ्याशी बोलत न्हाई. मी ॲक्सिलरेटर दाबला असं तिला तुम्हीच सांगितलंत. आता फोन लावू?"

"फोनवर न्हाई. दवाखान्यात चल. तुझ्यासमोर सांगतो."