आतल्या कॉम्प्युटरला टिळा

तुमी आज एका मशीनमधी चार-चार मशीन चालवता रे, पण आमच्या आतल्या कॉम्प्युटरची तर दसऱ्याला पूजा झालेली हाय!

अंबाजोगाईला घरी एकच कॉम्प्युटर होता, आणि विंडोज सोडून लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम शिकायच्या नादात मी तो दोनदा बंद पाडलेला. अण्णांनी, म्हंजी वडलांनी, दम दिलता, "आता बिघडला तर उचलून दुकानात नेईन." म्हणून दसऱ्याच्या सकाळी माझा दोस्त सलीम सीडी घेऊन आला, आणि आमी विंडोजच्या आतच, पडद्यावरच्या एका चौकटीत चालणारा दुसरा कॉम्प्युटर तयार केला. त्यात कितीबी खेळा, बाहेरच्याला धक्का न्हाई.

तेवढ्यात आई कुंकवाची वाटी घेऊन आली. स्कूटर झालती, शिलाई मशीन झालती. कॉम्प्युटरच्या डब्याला टिळा लावून तिनं विचारलं, "अजून कुठलं यंत्र राहिलं का?"

सलीम बोलून गेला, "काकू, आतला राहिला की!"

आईनं पडद्याच्या कोपऱ्यातली त्याची छोटी चौकट नीट बघितली आणि काचेवर बरोब्बर तिच्यावरच टिळा लावला. मी सवयीनं माऊस धरून चौकट मधी ओढली. चौकट सरकली, कुंकू तिथंच!

आई दचकून मागं झाली. अण्णा खेकसले, "बिघडवलास का रे परत?"

सलीमनं गुपचूप चौकट ओढून टिळ्याखाली आणून ठेवली. मग वर्षभर मी ती तिथनं हलवली न्हाई.

पुढच्या दसऱ्याला आई वाटी घेऊन दारातच थांबली. म्हणाली, "आधी त्याला एका जाग्यावर बसव, मग लावते."