चांगला म्हणायची चोरी

"कोर्टात बाळाला नेऊ नकोस, नको ते कानावर पडतं," असं सासूबाईंनी बजावलं होतं. बाळाच्या जन्मदाखल्यातल्या चुकीसाठी प्रतिज्ञापत्र हवं होतं, म्हणून जाणं भाग होतं; सासूबाईंचं बोलणं हसण्यावारी नेऊन मी बाळाला घेऊनच गेले. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारी आणि तिच्या मुलाची वकीलबाई बसल्या होत्या. गोदामाच्या पहारेकऱ्याचं डोकं फोडल्याचा मुलावर खटला होता.

"मावशी, साक्षीत 'माझा मुलगा चांगला आहे' असं बोलायचं नाही."

"अगं बाई! पोटच्या पोराला चांगला म्हणायचीही चोरी?"

"घरी शंभरदा म्हणा. त्याचं मागचं वागणं समोरच्या वकिलाला असंच काढता येत नाही. तुम्ही चांगला म्हटलंत, की वाईट काढायला तो मोकळा."

"वाईट काय निघणार आहे त्याचं?"

"सुनेचा हात कसा मोडला होता?"

"ती आहेच धांदरट."

"बरं. त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता तो कुठे होता?"

"घरीच. अगदी शपथेवर सांगते."

"सातच वाजले होते कशावरून?"

"सून ओरडायला लागली ना, म्हणून उठून खिडक्या लावल्या. तेव्हाच घड्याळ बघितलं."

"हळू बोला, मावशी. विचारलं तेवढंच सांगा."

"पण खोटं कुठाय? होताच तो घरी."

"सून कुठंय आज?"

"पडून आहे. आज सुटला, की घरी जाऊन तोच बघेल तिच्याकडे."

तेवढ्यात म्हातारीचा पुकारा झाला.

मला त्या सुनेचा पत्ता ठाऊक नाही. तुमच्या शेजारची सून बरेच दिवस दिसली नसेल, तर आजच दार वाजवा. सासूने उघडलं, तरी सुनेलाच बाहेर बोलवा.